मुठीचे पोहे

सन १९३७, आश्विन वद्य तृतीया. ठिकाण शहापूरच्या पेठेतले एक भुसार दुकान. रक्कम छप्पन रुपये. हजर पाच जण: मी, माझी थोरली वहिनी, दुकानाचे शेठ, त्यांचा तोलणारा आणि आमचा गाडीवान. आठ मण पोहे, मणाला सात रुपये, म्हणून छप्पन. हा भाव शेठनी श्रावणात स्वतःच ठरवला होता. त्या दिवशी त्यांनी माल घ्यायला नकार दिला.

शेठ ओरडले नाहीत की वाकडे बोलले नाहीत. आतून त्यांनी पितळेची वाटी पाण्याने भरून आणवली आणि कोपऱ्यातल्या एका पोत्यातले चिमूटभर पोहे तिच्यात टाकले. बघता बघता पाणी विटकरी झाले आणि वाटीच्या तळाशी बारीक गाळ बसला.

"हे मुंबईहून परत आलेत," शेठ म्हणाले. "गिऱ्हाईक म्हणतं, मुठीच्या पोह्यांत गेरू आहे."

"हे आमचे नायत, शेठ," वहिनी म्हणाली.

"ते मला कळतं हो, बाई. सहा वर्षं तुमचा माल घेतोय मी. पण गिऱ्हाइकाला कसं कळावं? ह्याच्यावर मूठ, त्याच्यावरही मूठ."

"आमचे पाण्यात घालून बघा."

"मी बघेन. पण मुंबईत काय घरोघरी वाटी घेऊन फिरू?"

तोलणारा हसला. शेठनी त्याच्याकडे पाहिले तसा तो काटा पुसू लागला. आम्हाला चहा मिळाला. दिवाळी झाल्यावर बघू, असेही शेठ म्हणाले. पण दिवाळी झाल्यावर पोहे कोण घेतो? पोह्यांचे सोळा हारे, म्हणजे बांबूच्या मोठ्या टोपल्या, गाडीतच राहिले.

मुठीचे पोहे म्हणजे काय, हे आता सांगावे लागेल, कारण अलीकडे ते कुठे मिळत नाहीत. आमचे मूळ गाव मुरबाडच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला. तिथल्या थोड्या वावरांत काळ्या कुसाचा, म्हणजे दाण्याच्या टोकाला काळा केस असलेला, लाल भात होतो. तो हळवा, नवरात्राच्या सुमारास कापणीला येणारा. हा भात रात्रभर भिजवायचा, निथळायचा, खापरात भाजायचा आणि दाणे फुटू लागले की गरम असतानाच उखळात घालायचा. दोघींनी आळीपाळीने मुसळ मारायचे आणि तिसरीने दोन घावांच्या मध्ये हात घालून पोहे उलटवायचे. माझ्या वहिनीच्या उजव्या हाताचे मधले बोट वाकडे होते ते ह्याच कामाने. तांदळावरचा लाल कोंडा पोह्यावर तसाच राहतो. त्याची गोडी वेगळी असते, आणि त्याच कोंड्यामुळे हे पोहे महिन्याभरात खवट होतात.

हारा भरला की त्याच्यावर सागाच्या पानात बांधलेली न कांडलेल्या, फोलपटासकट भाताची एक मूठ ठेवायची, ही आमच्या गावची रीत. घेणाऱ्याने चार दाणे तळहातावर चोळून फोलपट काढावे, आतला तांदूळ आणि हाऱ्यातला पोहा ह्यांचा रंग जुळतो का ते पाहावे. पटले तर घ्यावे. दुसरी खूण आमच्याकडे नव्हती. पाटी नाही, शिक्का नाही. त्या मुठीवरून नाव पडले, आणि मुरबाडपासून शहापूरपर्यंत नुसते 'मुठीचे' म्हटले तरी लोकांना कळे.

माझा थोरला भाऊ तापाने गेला त्यानंतर वहिनीने हे काम हाती घेतले. तिला मूलबाळ नव्हते. जमीन मधल्या भावाकडे होती. एकत्र स्वयंपाकघरात तिला दोन वेळा जेवायला मिळत होते, पण भाकरी कधी मिळायची आणि ती वाढताना काय ऐकून घ्यावे लागायचे, ते मी सुट्टीत गावी गेलो की पाहत असे. एक दिवस तिने घराच्या पडवीत तीन दगड मांडले आणि वेगळी चूल पेटवली. मधला भाऊ म्हणाला, "पेटवलीस तर पेटव. पण जळती ठेवायची तू. एक वर्ष जरी विझली, तर मग मुकाट आत ये." सहा वर्षे ती चूल जळत होती, आणि ती दिवाळीच्या पोह्यांवर जळत होती. वहिनी गावातल्या सात घरांकडून भात शब्दावर घ्यायची, चार बायकांना हाताशी धरायची आणि माल विकला की सगळ्यांचे देऊन उरेल त्यात वर्ष काढायची. त्या साली भात बारा मण होता, अडीच रुपये मण. तीस रुपये सात घरांचे देणे. ते फिटले नसते तर पुढल्या वर्षी तिला कोणी पायलीभरही भात दिला नसता.

मी तेव्हा शहापूरला एका लाकडाच्या वखारीत हिशेबनीस होतो. बिऱ्हाड दोन खोल्यांचे, माणसे सात. दुकानातून बाहेर पडल्यावर मी तिला म्हणालो, "वहिनी, काही झालं तरी तुम्ही माझ्याकडे या."

"कुठे निजू? वळचणीला?" ती म्हणाली. "भावजी, आधी हा माल कोनी रंगवला ते बघूया."

पण मला आधी कायदा विचारायचा होता. तिला गाडीत बसवून मी ओळखीच्या वकिलाकडे गेलो. त्यांनी सगळे शांतपणे ऐकले.

"छाप नोंदलेला आहे?"

"सागाचं पान आहे," मी म्हणालो.

"झाडावर आहे की कागदावर?" ते हसले, मग गंभीर झाले. "हे पाहा, नावाला धनी लागतो. हे नाव कोणाचं? तुमच्या वहिनींचं?"

"तिच्या सासूच्या आधीपासून गावात हे पोहे होतात."

"म्हणजे गावाचं. मग गाव फिर्याद करणार का? आणि कोणाविरुद्ध, तेही अजून तुम्हाला माहीत नाही. माहीत झालं तरी नमुना तपासायला जाईल, साक्षी होतील, तारखा पडतील. पोहे किती टिकतात?"

"महिनाभर."

त्यांनी एक रुपया घेतला होता. आम्ही उठताना त्यातले आठ आणे परत केले. मला ते परत घेताना जास्त वाईट वाटले, कारण मामल्यात काही दम नाही हे त्यांनी तेवढ्यात सांगून टाकले होते.

मी वखारीतून आठ दिवसांची रजा मागितली. ती बिनपगारी मिळाली. गाडी मुरबाडकडे वळवली. दुसऱ्या दिवशी मुरबाडच्या बाजारात शोधायला फार फिरावे लागले नाही. एका मोठ्या दुकानाच्या ओट्यावर पोह्यांचे हारे उघडे मांडले होते, प्रत्येकावर सागाचे पान. मी पान सोडले. आत काळ्या कुसाचा लाल भात होता. खरा, आमचा. वहिनीने दोन दाणे दाताखाली धरून पाहिले. हाऱ्यातले पोहे मात्र गिरणीचे होते, सगळे एकसारखे गोल, कडा न फाटलेले. मी हात घातला तर बोटे लाल झाली.

दुकानदार जाड, हसऱ्या चेहऱ्याचा माणूस होता. "या, या. शहापूरचे हिशेबनीस ना तुम्ही? घ्या, अडीच आणे शेर. तुमच्या वहिनींचे तीन आणे असतात."

"हे मुठीचे पोहे नाहीत," मी म्हणालो.

"का? मूठ नाही का त्यांच्यावर? मूठ खोटी आहे? बाईंना विचारा, त्यांच्याच गावची आहे."

"पोहे खोटे आहेत."

"पोहे ते पोहे. तांदळाचेच केलेत, वाळूचे नाहीत. थोडा रंग दिला. लग्नात लाडवाला रंग देतात तेव्हा तुम्ही पंगतीतून उठता का?" ओट्यावरची चार माणसे हसली. "नावाचा कागद असेल तर दाखवा, हिशेबनीस. मी आत्ता पानं काढून टाकतो."

वहिनीने एवढ्या वेळात पहिल्यांदा तोंड उघडले. "मूठ तुमाला कोनी दिली?"

"तुम्हीच दिलीत की."

आणि ते खरे होते. ज्येष्ठात, पेरणीच्या आधी, एक म्हातारा गडी आमच्या गावात आला होता. मुरबाडच्या बाजूला वावर आहे, ह्या भाताचे बियाणे पाहिजे, असे त्याने सांगितले. आमच्या गावात बियाणे विकत नाहीत. मागेल त्याला द्यायचे, तो कुठला कोण हे विचारायचे नाही, आणि सुगी झाली की त्याने तेवढेच मापून परत आणायचे. बियाण्याला नाही म्हटले तर आपल्या कणगीतले उगवत नाही, असे मानतात. म्हाताऱ्याला सात घरांनी मिळून दोन मण दिले होते. वहिनीने स्वतः दोन पायल्या घातल्या होत्या आणि त्याला ताक पाजले होते. त्या दोन मणांतला एक दाणाही मातीत गेला नव्हता. सगळा ह्या दुकानात सागाच्या पानांत बांधला जात होता.

"बियानं म्हणून नेलात तुमी," वहिनी म्हणाली.

"मग? सुगीला परत देईन ना. दोन मण भाताला मी मोताद नाही." तो खरेच चिडला नव्हता. त्याला आमची कीव येत असावी, आणि ते मला जास्त लागले.

पुढचा दिवस बाजाराचा होता. मला एक गोष्ट सुचली आणि ती मला फार पक्की वाटली. आम्ही चौकात गाडी लावली, दोन वाट्या मांडल्या, एकीत त्याचे पोहे टाकले आणि दुसरीत आमचे. लोक जमले. त्याची वाटी लाल झाली, आमचे पाणी साधे राहिले. माणसे वाकून पाहत होती, एकमेकांना दाखवत होती. "गेरूच हाय रे!" "देवळाच्या भिंतीला लावतात तो!" मी भाव सांगितला. तीन आणे शेर. गर्दी पातळ होऊ लागली.

एक बाई दोन्ही वाट्या पाहून गेली आणि समोर दुकानदाराच्या ओट्यावरून चार शेर घेऊन परत आली. मला राहवले नाही. "बाई, तुम्ही पाहिलंत ना?"

"पायला की."

"मग?"

"पावन्यांना वाढायचे हायत वो. पावन्यांना काय कलतंय?" ती हसून म्हणाली. "आमच्या घरात खायला असते तर तुमचेच घेतले असते."

आणखी एक जण म्हणाला की धुऊन घेतले की रंग निघून जातो, मग काय बिघडले. संध्याकाळपर्यंत एका म्हाताऱ्या गृहस्थाने एक शेर घेतला. तीन आणे. खरे-खोटे लोकांना दाखवले की पुरे, अशी माझी समजूत होती. लोकांनी ते पाहिले होते आणि मान्यही केले होते.

त्याच्या दुसऱ्या दिवशी गाडी गावात गेली. देवळात माणसे बसली तेव्हा मी उभा राहून सांगितले की इथून पुढे गावाबाहेरच्या कोणाला हे बियाणे द्यायचे नाही. बियाणे नाही तर त्याच्याकडे मूठ नाही, आणि मूठ नाही तर वर्षा-दोन वर्षांत नाव पुन्हा आपल्याकडे येईल. मला वाटले, वाद होईल. वाद झालाच नाही. सगळ्यात वयस्कर कुणबी तंबाखू मळत होते, ते तसेच मळत राहिले.

"तुमी शिकलेले, बराबर सांगता," ते म्हणाले. "पन उद्या कोनी दारात येऊन बियानं मागला तर त्याला मी तोंडानं नाय कसा म्हनू? तेवढा सांगा."

"म्हणायचं, नाही."

"तुमी या मग. तुमीच म्हना."

लोक हसले, पण थट्टेने नाही. मी वहिनीकडे पाहिले. ज्याच्यामुळे तिची चूल जाणार होती तो गडी पुन्हा आला असता तर ती काय करणार होती? तिने खाली पाहूनच सांगितले, "माज्याकडनं नाय होनार, भावजी."

तिथे मला पहिल्यांदा भीती वाटली. तोवर मी आकडे जुळवत होतो, कोणाकडे जायचे ते ठरवत होतो. आता कोणाकडेच जायचे उरले नव्हते. दिवाळी आठ-नऊ दिवसांवर आली होती. पडवीत सोळा हारे रांगेने ठेवले होते आणि त्यांच्या मागे ती चूल होती. चारी बायका रोज एकदा येऊन हाऱ्यांत हात घालून वास घेत आणि परत जात. मधला भाऊ दारातून जाता-येता हाऱ्यांकडे पाही. एकदा तो म्हणाला, "आत जागा हाय. मी कधी नाय म्हटला?" त्याचा आवाज मऊ होता. वहिनी त्या दिवशी जेवली नाही.

त्या दिवशी तिने मला विचारले, "तुमी लिवता ना हिशेब? मग सांगा, कोनत्या भावाला इकले तर सात घरांचा फिटेल?"

मी सांगितले. तीस रुपये घरांचे, तीन रुपये गाडीचे. बायकांना काही द्यायचे असेल तर मणाला पाच रुपयांच्या खाली जाऊन चालणार नाही.

"मंग त्यालाच इकूया," ती म्हणाली.

मी तिच्याशी भांडलो, हे खरे. म्हणालो, तो तुमचे पोहे वरच्या थराला घालील आणि खाली गेरूचे भरील. पाण्याची वाटी आणली तरी वरचे खरेच निघतील. उद्या तुम्ही स्वतः चौकात उभ्या राहिलात तरी काय दाखवाल?

"काय नाय दाखवणार," ती म्हणाली. "पन शब्द सात घरांना दिलाय. नावाला नाय दिला."

आम्ही पुन्हा मुरबाडला गेलो. दुकानदाराने आमच्या मनातले ओळखले. साडेचार म्हणाला. वहिनी ओट्याखाली उभी राहिली आणि म्हणाली, "पाच. आनि बियान्याचा दोन मन आज मापून द्या."

"सुगीला देईन म्हटलं ना."

"पेरला नाय तर सुगी कसली?"

दुकानात भात घालायला आलेले दोन-तीन शेतकरी होते. ते आपली पोती काट्यावर चढवायचे थांबले. दुकानदाराने त्यांच्याकडे पाहिले, आणि मग मागच्या खोलीकडे, जिथे तो म्हातारा गडी सुतळी वळत बसला होता. म्हाताऱ्याने मान वर केली नाही. "पाच," दुकानदार म्हणाला. "आणि भात घ्या, कुठलाही. तो काळ्या कुसाचा आता पानांत गेलाय." त्याने दोन मण साधा पांढरा भात मापून दिला. वहिनीने तो घेतला. मी तिला विचारले की हा पेरून काय उपयोग. ती म्हणाली की परत आलेले बियाणे मोजून घ्यायचे असते, ते कसले आहे ते मग पाहायचे.

माल तोलताना वहिनीने सोळाही पाने हाऱ्यांवरून उचलली. दुकानदार म्हणाला, "राहू द्या, बाई. ती पण चालतील."

"ती इकली नायत," ती म्हणाली. त्याने हात हलवला. त्याच्याकडे पानांची काय कमी होती?

पुढल्या वर्षी वहिनीने पोहे केले. खरे सांगायचे तर मीच सांगितले, करा. शहापूरच्या शेठनी नावच घेऊ दिले नाही. मुरबाडात आता तीन दुकानांत मुठीचे पोहे मिळत होते, आणि त्यांतला एक दुकानदार दुसऱ्यावर ओरडत होता की खरे मुठीचे आपलेच. वहिनीने मूठ न ठेवता, नुसते लाल पोहे म्हणून माल बाजारात नेला. लोक विचारत, मुठीचे नाहीत का? नाही म्हटले की पुढे जात. भाताचे पैसे कसेबसे निघाले. बायकांना काही मिळाले नाही. त्या वर्षी फाल्गुनात वहिनीने चुलीचे तीन दगड उचलून परसात नेऊन ठेवले आणि ती आत गेली. आता रेशनवर जो तांदूळ मिळतो तो कुठला हे कोणालाच ठाऊक नसते आणि कोणी विचारतही नाही.  

पहिल्या वर्षाचा हिशेब असा झाला. आठ मणांतून एक शेर वजा जाता उरलेल्या पोह्यांचे दुकानदाराने दिले एकोणचाळीस रुपये चौदा आणे. बाजारात विकलेल्या एका शेराचे तीन आणे. एकूण चाळीस रुपये एक आणा. त्यातून सात घरांना तीस रुपये, गाडीवानाला तीन, चार बायकांना दीड-दीड प्रमाणे सहा. पांढरा भात सात घरांत वाटून दिला. वहिनीकडे उरला एक रुपया एक आणा. तो तिने दीड वर्ष मोडला नाही. आत जायच्या दिवशी तिने त्यातला रुपया मधल्या भावाच्या हातावर ठेवला आणि म्हणाली, माझ्या मीठमिरचीचा. भावाने तो घेतला.